सासू-सुनेचा चॅनल

करीमनगरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या यादम्माने कान टवकारले. शेजारी सासू-सून कुजबुजत होत्या.

"धाकट्याची सोयरीक मोडली गं. मुलीकडच्यांनी आपला चॅनल बघितला."

"अत्तम्मा, ते नाटक असतं म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं. म्हणे, सुनेला शिळं वाढून स्वतः बिर्याणी हाणणाऱ्या बाईच्या घरी पोरगी कशी द्यायची?"

"पण ती बिर्याणी आपण दोघींनी मिळून संपवली!"

"ते कुठे दाखवलंस तू?"

"दाखवलं असतं, तर बघितलं कोणी असतं?"

सासू हमसून हमसून रडायला लागली.

"अगं बाई! कॅमेऱ्यापुढे असं कधी जमलं नाही तुम्हाला!"

"मग बघत काय बसलीस? काढ फोन. थांब, पदर नीट करू दे."

"ओ मावशी, जरा सरकता? उजेड अडतोय."

यादम्मा सरकली, पण व्हिडिओत दिसेल इतकीच.