आवाज गेल्यावरचा वर्ग

सगळ्यांले जय भीम. तुम्ही कामधंदा सोडून आज या विहारात आले, आमच्या यांच्यासाठी आले. मले बोलायले सांगितलं. बायकोनं नवऱ्याबद्दल चार लोकांत काय बोलावं? थांबत थांबत बोलते. सांभाळून घ्या.

तुमच्यातले अर्धे तर यांचे विद्यार्थी. जयंतीच्या भाषणासाठी, नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलणं इथंच शिकले. आठवडाभर यांची वाडीच्या गोदामात नोकरी आणि रविवारी हा वर्ग. आवाज असा, की माईक लागत नव्हता.

मग घशाचा आजार निघाला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे मोठं आहे. खरंच मोठं होतं. पण घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी म्हटलं, "अहो, वर्ग बंद झाला म्हणून पोरांले सांगून देऊ का?" यांनी मान हलवली. नाही.

त्या रविवारी हे इथं येऊन उभे राहिले. पहिली बोलायले उठली ही प्रणाली, समोर बसली आहे ती. कागदात तोंड घालून भराभर वाचत गेली. यांनी तिचा कागद हळूच खाली केला. आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, मग मागच्या ओळीकडे. लोकांकडे पाहा. ती पुन्हा धावत सुटली, तसं यांनी टेबलावर बोट वाजवलं. थांबली ती. यांनी लांब श्वास घेऊन दाखवला. तिनंही घेतला, मग बोलली. प्रणाली, त्या दिवशी तुझं बोलणं मले पहिल्यांदा समजलं वं.

असाच वर्ग चालला, कितीतरी वर्षं. एका पायावर झुलायचं नाही. शेवटचा शब्द गिळायचा नाही. प्रश्न विचारला की जरा थांबायचं, लोकांले विचार करू द्यायचा. सगळं न बोलता शिकवलं यांनी. कोणाले समजलं नाही, तर हे माझ्याकडे पाहत आणि मी सांगत जाये, "सर म्हणतात, काहून घाई करून राहिला गा?" पुष्कळदा मी भलतंच सांगे. हे कपाळाले हात लावत. पोरं हसत.

लोक मले म्हणत, काकू, घर किती शांत झालं असेल. मलेही तसंच वाटे. मीच एकटी बोले. भाजी कोणती करू, नळ आला नाही, पोरीचा पुण्याहून फोन आला. हे बोट वाजवत. एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही. भांडणात तर थांबतच नव्हते.

मागच्या आठवड्यात हे झोपेतच गेले. परवा पाहुणे आपापल्या घरी गेले. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "अहो, साखर कमी टाकली, चालते ना?" आणि थांबले. सवयीनं थांबले. चहा उतू गेला, तरी मी थांबूनच होते. तेव्हा समजलं मले. घर तेव्हा शांत नव्हतंच. आता झालं.

पोरगी म्हणते, आई, पुण्याले चल. काय सांगू तिले? तिथं तरी मी कोणाले विचारू, साखर चालते का म्हणून?

काल प्रणाली आली होती. म्हणाली, "काकू, रविवारचं काय?" मी म्हटलं, "मले शिकवता येत नाही वं." ती म्हणाली, "शिकवू नका. नुसत्या येऊन बसा." प्रणाली, येईन मी. रविवारी त्या घरात बसवणार नाही मले.

आता सगळे उभे राहू. यांच्यासाठी थोडा वेळ कोणी बोलू नका. बसा म्हणून मीच सांगेन. मले सांगायले जरा उशीर झाला, तर तेवढा वेळ उभे राहा माझ्यासोबत.

जय भीम.