दादाला साखर नाही

—नाही, डॉक्टरबाई, पायरीवर पाय ठेवू नका. हातात फावडं आहे माझ्या. मला ते चालवायचं नाही हो, खरंच नाही — पण दादाला मी नेऊ देणार नाही. का म्हणजे? दोन-चार कोंबड्या बर्ड फ्लूनं आजारी निघाल्या, तर तुम्ही अख्खं शेड मारायला लावलंत. आता माझा भाऊ आजारी निघालाय. घरात आम्ही तिघं. पुढचं मलाही कळतं. मान काय हलवता?

मारताना तुम्ही कुठे पाहिलंत? दादानं मारल्या सगळ्या. आधी माना पिरगाळत होता, एकेक, हळू. मग हात सुजले, तसा पाय धरून खांबावर आपटायला लागला — पिसं, रक्त, घाण, सगळं त्याच्या तोंडावर. पोत्यातल्या काही अजून फडफडत होत्या, त्यांच्यावर बूट घालून नाचला. नाचला म्हणजे — रडत होता हो. पिल्लं असल्यापासून वाढवलेल्या. मी दाराशी पोती घेऊन उभा, मला आत येऊच देईना. “गोडोबा, तू बाहेर थांब.” लहानपणापासून साखर आहे ना मला, रोज सुई टोचून घेतो, म्हणून गोडोबा.

मास्क? दिला होतात की. घामानं भिजला, तसा काढून फेकला त्यानं. मी ओरडलो, तर म्हणतो, “बाईंनी काय सांगितलं? हा विषाणू साखरेला धरतो. मला कुठे आहे साखर?” तुम्हीच म्हणालात ना — सिया... सियालिक कायतरी, ती एक साखर, तिलाच तो चिकटतो! मलाही पटलं. दादाची साखर तपासली की नेहमी नॉर्मल.

काय? रक्तातली नव्हे? मग कुठली — पेशींवरची? म्हणजे धडधाकट माणसालाही असते? पण कोंबडीची वेगळी, माणसाची वेगळी, असं म्हणाला होतात — हां, घशात वेगळी. आणि खाली, फुप्फुसात खोल? कोंबडीसारखीच? मग तेव्हा का नाही सांगितलंत नीट!

ओरडलो. चुकलं. पण म्हणजे — ती नसलेला माणूसच नसतो? आई तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय सकाळपासून. त्याच्या तोंडाशी तोंड. मीच बसवलंय तिला. तिलाही साखर नाही म्हणून.

या. आत या लवकर. आई, ऊठ तिथून — ऊठ म्हणतो ना!