टाक्यावरचा फेस

मी मूळची उमरेडकडची. बाप मागावर लुगडी विने, माय कांड्या भरे, अन् आम्ही चौघी बहिनी त्या खटखटीतच मोठ्या झालो. लगन होऊन सक्करदऱ्याले आली. आमचे हे युनिव्हर्सिटीच्या बागेत माळी होते. ते गेले तेव्हा लहान पोरगी चौथीत होती, मंग साहेब लोकाईनं मलेच ठेकेदाराकडून कामावर घेतलं. तेव्हापासून नर्सरी माह्याकडं, रोपं, कुंड्या, अन् झाडाले पानी देयाचं ते सिमेंटचं टाकं.

काय सांगू तुम्हाले, मले या सरपटनाऱ्या जीवाइची लय भीती होती. मोठ्या बहिनीले वावरात साप चावला होता, वाचली ती, पन पाय आजही नीट टेकवत नाई. म्हनून धामन दिसली का मी ओरडत सुटे अन् गार्ड लोक काठ्या घेऊन धावत. किती जीव गेले असतीन माह्या एका ओरडन्यापायी. अन् बेडकाची तं किळसच ये.

मंग प्रज्ञा आली. तिथंच शिकून राहिली होती पोरगी, कॅम्पसच्या झाडोऱ्यात कोन कोन बेडूक, साप, सरडे राहतात ते लिहून घेयाचं होतं तिले. सकाळीच गमबूट घालून पालापाचोळा उलथत फिरे. मी म्हनलं काय वं बाई, मायबापानं हे पाहाले शिकवलं का तुले? ती हासली, म्हने मावशी, तुम्ही रोज इथं असता, तुम्हाले माह्याहून जास्त दिसत असन.

एक दिवस मी टाकं घासून राहिली होती. पावसाळ्यात त्याच्या काठाले आतून पांढरा फेस चिकटे, साबनासारखा, तो मी खराट्यानं काढे अन् कोन कपडे धुते इथं म्हनून शिव्या देत राहे. तेवढ्यात प्रज्ञा धावत आली, थांबा मावशी, थांबा! मले वाटलं सापच निंघाला. ती म्हने हा फेस नाई, झाडावरच्या बेडकीचं घरटं आहे, ती पायानं फेटून फेटून करते, अंडी आत ओली राहतात, पिल्लं झाली का टपटप खाली पान्यात पडतात. खराटा हातातच राहिला. दर पावसाळ्यात काढला होता जी मी तो, दर पावसाळ्यात.  प्रज्ञा म्हने तुम्हाले काय माहीत होतं? पन मी तीन लेकरं वाढवली आहेत ना, मले रडूच आलं.

एक फेस उरला होता. रोज जाऊन पाहे. चौथ्या दिवशी पान्यात हे तिळाएवढे जीव, शेपट्या हालवत! ज्याले त्याले हात धरून दाखवले मी. मंग भीतीही हळूहळू गेली. धामन निंघाली तं गार्डाले म्हनो, काठी ठेव गा, जाऊ दे तिले. बागेतल्या नाल्यावरच्या पुलाखालची घोरपड तं प्रज्ञाले मीच दाखवली.

पिल्लाइले मागचे पाय फुटले अन् तेव्हाच युनिव्हर्सिटी तपासाले कमिटी येनार होती. सुपरवायझर साहेब म्हने टाकं रिकामं करा, ब्लीचिंग टाकून घासा. मी म्हनलं आठ दिवस द्या जी. तं म्हने कमिटी काय बेडकापायी थांबते? जमत नसन तं सांगा, दुसरी बाई आनतो. घर माह्याच कामावर चाले. पन तोंडातून निंघूनच गेलं, आना साहेब दुसरी बाई, मी नाई घासत. साहेब टाक्याशी गेले, वाकून लय वेळ पाहत राहिले. मंग म्हने कमिटी परवा आहे, उद्या संध्याकाळपर्यंत टाकं साफ पाहिजे, पिल्लं कुठं न्याची ते तुमचं तुम्ही पाहा.

दुसऱ्या दिवशी मी अन् प्रज्ञा चहाच्या गाळन्या घेऊन बसलो. टाक्यातलंच पानी बादल्यात घेतलं, बांबूच्या बेटाखाली एक डबकं होतं, तिथं सोडलं. बादल्या कोनी उचलल्या मालूम? त्याच गार्ड लोकाईनं. खोटं नाई बोलत, समदी नाई वाचली, तिसऱ्या दिवशी सकाळी डबक्यात काही पोट वर करून तरंगत होती. लय लागलं मनाले. पन पुढच्या हप्त्यात बांबूच्या पानावर नखाएवढं बेडूक बसलेलं दिसलं, शेपटीचा ठुटका अजून तसाच. प्रज्ञाले आवाज दिला, तं तिचेही डोळे भरले.

आता ती दूर नोकरीले आहे. इथल्या बेडूक-सापाइवर लिहिलेल्या तिच्या पुस्तकात माहं नाव लिहिलं तिनं, सुमनमावशी म्हनून, लहान पोरीनं वाचून दाखवलं मले. साहेबही आता पावसाळ्यात टाक्याले हात लावू देत नाईत. माहं कंत्राट आज आहे, उद्याचं काय सांगावं. आज सकाळी कुंडीत एक बेडूक बसलं होतं, म्हनलं टाकू का बाप्पा पानी तुह्या अंगावर? टाकलं, तं त्यानं मजेनं डोळे मिटले. सुखी राहा म्हनलं, अन् पुढच्या झाडाकडं गेली.