मागावरचा ताणा

शहापूरच्या पंक्चरच्या दुकानात आपल्या गाडीचं चाक दुरुस्त होण्याची वाट पाहत रीता बाकावर बसली होती. समोर मोहाडीचे विणकर टिकाराम आणि त्यांची लेक मोनिका एका मोटरसायकलीवर वाकली होती. मोठाल्या दगडांवरून गाडी चढवायची स्पर्धा असते, तिथली ही बिनसीटची गाडी.

"घरघर ऐकली का बाबा? गिअरबॉक्स गेला. उद्याची स्पर्धा गेली समजा."

"काल त चांगली होती."

"थांबा. चेन एवढी कडक कशी? कोणं हात लावला हिले?"

"लोंबून राहिली होती बाई. म्या घेतली ताणून."

"बाबा, हा काय मागावरचा ताणा आहे?"

"ताणा ढिला रायला त कापड बिघडते."

"अन् चेन कडक रायली त मागचं चाक वर-खाली होत नाही. पहिल्याच दगडावर तुटली असती. तो पाना द्या. चाक मांगून थोडं पुढं घेऊ. हं, आता फिरवा. येते का घरघर?"

"नाही येत."

"मंग गिअरबॉक्स चांगला आहे, बाबा. चांगला आहे."

"पण चेन लोंबूनच राहिली."

"गाडीवर चढा. उभे राहा. आता खाली पाहा."

"अवो, आपोआप ताणली."

"वजन पडलं का ताणते. म्हणून ढिली ठेवा लागते."

"उद्या येऊ का मी पाह्यले?"

"या ना. फक्त हात खिशात ठेवा."

"या बंडीले खिसाच नाही."

"मंग माझी पाण्याची बाटली धरा. दोन्ही हातानं."