शेवंताचा अर्ज

मंडळी, मला एक सांगा — न कळणं हे पाप, की न कळता मान डोलावणं हे पाप?... गप्प! बरोबर आहे. गप्प बसायला आपल्याला पाळण्यातच शिकवलंय!

तर ऐका. शेवंता गेडाम. अंगणवाडीसेविका, वय बेचाळीस. सकाळी पोरांची वजनं, दुपारी खिचडी, आणि उरल्या वेळात एम.ए.! घरबसल्या, दूरशिक्षणानं! लोक म्हणाले, "या वयात?" अरे, मरायला वय लागत नाही, मग शिकायलाच का लागतं?

तिचा प्रबंध गरोदर बायकांच्या ताटातल्या रानभाज्यांवर. नियम असा — या विषयावर आधी झालेल्या संशोधनाचे पाच लेख शोधायचे, यादी शनिवारी पाचच्या आत पाठवायची. नाही पाठवली? वर्ष बुडालं! आता लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि ग्रंथालय एका दिवसाच्या वाटेवर. पण मोबाइलवर उघडतं म्हणे!

कसं उघडायचं, कसं शोधायचं, ते शिकवायला गुरुवारी ग्रंथपाल तांबोळी मॅडमनी ऑनलाइन वर्ग घेतला. शेवटी विचारलं, "कळलं ना सगळ्यांना?" पडद्यावर पटापटा अंगठे! अडतीस! एम.ए.चा वर्ग, आणि सगळे अंगठेबहाद्दर! त्यातला एक शेवंताचा.

वर्ग संपला. शोधायच्या चौकटीत बाईंनी काय लिहावं? "माननीय ग्रंथपाल महोदया, मला रानभाज्यांविषयी लेख मिळावेत, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, शेवंता गेडाम." उत्तर आलं — एकही लेख सापडला नाही! तिला वाटलं, विनंतीच कमी पडली. "कृपाळू होऊन" घातलं. तरी शून्य!

हसताय? हसू नका! जन्मभर कचेरीच्या खिडकीपुढं जिला वाकायला लावलं, तिला कुणी सांगितलं होतं, की इथं हात जोडायचे नसतात?

शुक्रवारी पुन्हा वर्ग. "कालचं कळलं ना?" पुन्हा अंगठे! शेवंताचाही अंगठा बटणाकडं गेला. पण उद्या वर्ष बुडणार! तिनं माइक उघडला —

"नाही मॅडम. मला नाही कळलं."

विद्यार्थ्यांत एक शाळामास्तर होते, दराडे म्हणून. ते म्हणाले, "अहो ताई, काल सगळं झालं की! वेळ कशाला खाता?"

मॅडम म्हणाल्या, "थांबा दराडे. ताई, काय लिहिलंत ते वाचा."

तिनं अर्ज वाचला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम नाही हसल्या.

"ताई, तिथं साहेब बसलेला नाही. विनंती नको. विषयाचे दोनच शब्द टाका."

"रानभाज्या... गरोदरपण."

"दाबा."

सतरा लेख! त्यातला एक तर तिच्याच तालुक्यावरचा! शेवंता ओरडली, "अगं बाई, यात आमच्या करटोल्याची भाजी हाय!"

आणि मग? दराडे मास्तर खाकरले. "मॅडम... ते पुन्हा एकदा दाखवता? माझंही शून्यच येतंय."

मग एकेक माइक उघडला. "मलाही, मॅडम." "मलाही!" सदतीस जण, मंडळी! आणि शेवंताची यादी शनिवारी दुपारी तीनलाच पोचली!

आता तुम्ही सांगा. इतकी वर्षं माझ्या कीर्तनात समोर बसून माना हलवताय. खरंच कळतं? कुणाला काय कळलं नाही, बोला! भिताय कुणाला?... कोण ते? भागूबाई? बोल माय!

"महाराज, तुम्ही आरंभाला तो संस्कृत श्लोक म्हणता, त्याचा अर्थ काय वो?"

मंडळी, खरं सांगतो. मलाही ठाऊक नाही. वीस वर्षं नुसता म्हणतोय! सरक भागूबाई, आज मी तुझ्याशेजारी बसतो. ज्याला कळतो, त्यानं इथं उभं राहून आम्हा दोघांना सांगावा!