नाव मी घेतलं

सही करते की, कागद कुठं पळून जातोय — बसा पावणं, पुस्तकाची दोनच पानं ऱ्हायलीत. उद्या कोर्टात कन्नड दुभाषी पायजे, कळलं. ही कादंबरीबी त्याचीच हाय बघा. परदेशातल्या कोर्टात दुभाषी असलेली एक बाई. लेकीनं आणून दिली, म्हणली, आई, ही तुझीच गोष्ट. माझी कुठली? तिला काचंची खोली, कानाला यंत्र, आणि मी पेन्शनातली मास्तरीण, तुमच्या कोर्टाच्या बाकड्यावर पदर सावरत बसणारी. शिवाय ती एक शब्द जास्तीचा बोलत न्हाय. साक्षीदार गप्प बसला की जज्जाला सांगती — साक्षीदार गप्प हाय. बास. तिथं मी पुस्तक भिरकावलं, उचललं ते आज.

का म्हणून काय विचारताय? मागल्या वर्षीची ती पोरगी, कर्नाटकातनं शिरोळला दिलेली, हात मोडलेला. समोर सासरा, दीर, नवरा, तिघं उभे. साहेबांनी विचारलं, कुणी मारलं? मी कन्नडमधनं विचारलं. पोरगी गप्प. परत विचारलं, गप्प. अहो, सासरा असता तर ‘मामांनी मारलं’ म्हणली असती, दीर असता तर ‘भाऊजींनी’. मग ऱ्हायलं कोण? नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घ्यायचं, एरवी कोण घेतंय? मग मीच सांगितलं — बसगोंडानं मारलं, म्हणती.

असं काय बघताय? शपथ घेतलीती, ठाऊक हाय मला. ती म्हणली न्हवती, कबूल. पण नंतर माझ्याकडं बघून डोळ्यांनी व्हय म्हणली — न्हाय, खोटं कशाला बोलू, तिनं वर बघितलंच न्हाय. बसगोंडाला दोन वर्षांची सजा लागली. चुकले असले तर पाप माझ्या डोक्यावर. पण मी चुकले न्हाय. कशावरनं? ह्यो माझा डावा हात बघा, हितनं पुढं सरळ होत न्हाय. दवाखान्यात डॉक्टरांनी चारदा विचारलंतं, बाई, कुणी केलं? सासू, नणंद, शेजारीण, सगळ्या उभ्या हुत्या, आणि मी तोंड उघडलं न्हाय. पायरीवरनं पडली, असं लिहून मोकळे झाले. माझ्यासाठी त्याचं नाव घ्यायला तिथं कोण न्हवतं, पावणं.

आणा तो कागद. ही घ्या सही. अकराला येते म्हणून सांगा, आणि बाकीचंबी सांगायचं असलं तर खुशाल सांगा. उठा आता. जाताना दार ओढून घ्या.