खिडकीतली बाई

नाही हो भाऊ, अशी कशी उतरू? कितीही हॉर्न वाजू देत, हाका मारा, काही करा — उतरता येत नाही मला! तुम्हीच आणलं होतंत ना आम्हाला सहलीला, खेड्यातलं सिनेमाचं शूटिंग बघायला? तुमच्यासमोरच तो दिग्दर्शकाचा सहायक म्हणाला, "मावशी, दोन मिनिटं या खिडकीत बसता का? वाटाणे सोला नुसते." बसले! मला काय ठाऊक, एकदा कॅमेऱ्यात आलं की त्या गल्लीतल्या प्रत्येक सीनला तीच बाई तिथेच लागते म्हणून! आमच्या ह्यांनी केवढा तमाशा केला — "घरी स्वयंपाक कोण करणार?" — आणि गेले तणतणत. आज आलेत न्यायला. हॉर्न तेच वाजवतायत ना? ओळखला मी.

या, शिडीने वर या, जपून — आत घरबीर काही नाही, समोरची भिंत तेवढी, मागे नुसते बांबू आणि ही फळी. दिवसभर या फळीवर. हलायचं नाही, हसायचं नाही, तोच स्वेटर, तोच अंबाडा — पाठ मोडते हो, कैदच म्हणा! पण एक सांगू? केसाची बट सुटली तर दोघंतिघं धावत येतात — "मावशींची बट, मावशींची बट!" आणि घरी? घरी मी एकदा निम्मे केस कापून आले, तर हे म्हणाले, मिठाची बरणी कुठाय. देवाशपथ! माझ्याकडे कोणी बघतच नाही हो त्या घरात. लग्न झाल्यापासून ओट्याला बांधल्यासारखी आहे, जीव गुदमरतो माझा — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे?

काय? गल्ली रिकामी दिसते? जेवायला गेले असतील सगळे. — दिवे नाहीत? काढतात मधूनमधून, पुसायला. — ट्रक भरून जाताना पाहिलेत तुम्ही, वाटेत? ... हं. मग आता काय लपवायचं. सकाळीच म्हणाला तो सहायक, "झालं मावशी, सुटलात तुम्ही." सुटलात म्हणे! कुठे सुटले?

असं बघू नका, रडत नाहीये मी. खाली जा आणि ह्यांना सांगा, तिला सोडत नाहीत. कोण सोडत नाही म्हणाले तर म्हणावं, सिनेमाचे मोठे साहेब. जा ना भाऊ, जा म्हणते ना! आणि उतरलात की ती शिडी तेवढी बाजूला करा — ह्यांना चढता येतं.